गिटार घेताना ३ एटीएम कार्डं काढा

५-६ हजारांच्या अकॉस्टिक (विजेशिवाय वाजणाऱ्या) गिटारमध्ये आवाज एकवेळ चालतो, पण तारा लई वर असतात आणि एफ कॉर्ड (एकाच बोटानं बऱ्याच तारा दाबायची पकड) धरताना बोटांची वाट लागते. कोल्हापुरात राजारामपुरीत घ्या नायतर ऑनलाइन मागवा, पहिलं हे बघा.

१. गिटार ट्यून करा. ३ एटीएम कार्डं (उठावाच्या अक्षरांची नकोत) एकावर एक धरून १२व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या, म्हणजे नेकवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) सगळ्यात जाड तारेखाली सरकवा. एक कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर, म्हणजे तीन मिळून सव्वादोन. जेमतेम घासत गेली तर बेस्ट. चौथंही आरामात गेलं तर त्याच मॉडेलचा दुसरा पीस मागा, पिसापिसात फरक असतोय, दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

२. मोबाईलवर ट्यूनर (स्वर दाखवणारं ॲप) लावून तार मोकळी वाजवा, मग १२व्या फ्रेटवर दाबून. तोच स्वर, फक्त वरच्या सप्तकातला, यायला पाहिजे, काटा बराच सरकला तर ठेवून द्या.

कटवे (बॉडीचा कापलेला कोपरा), पिकगार्डचा रंग वगैरे नंतर बघा.

फक्त ट्रस रॉड (नेकच्या आतली, फिरवून नेक सरळ करायची सळई) आहे का ते विचारूनच पैसे द्या, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेनं नेक वाकली आणि रॉड नसला तर ती सरळ करणं जवळपास अशक्य.