बिएश्चादीचे जुने टोपोशीट वाचायला घेताना

पोलंड, स्लोव्हाकिया आणि युक्रेन जिथे भेटतात त्या बिएश्चादी डोंगरांचे जुने नकाशे अभ्यासायला घेत असाल, तर एकच पत्रक (टोपोशीट, म्हणजे नकाशाचा एक कागद) घेऊन बसू नका. एकाच दरीची निदान तीन काळांतली पत्रकं शेजारी मांडा. इथल्या सीमा, गावांची नावं, अगदी वस्तीसुद्धा इतकी बदलली आहे की एकटं पत्रक अर्धीच गोष्ट सांगतं.

सुरुवात हॅब्सबर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या, तीन लष्करी सर्वेक्षणांपासून करावी. 18व्या शतकातलं पहिलं सर्वेक्षण फार देखणं आहे, पण त्याला त्रिकोणमितीय मोजणीचा पाया नाही. त्यावर अंतरं मोजू नयेत. दुसऱ्याचं प्रमाण 1:28,800. नकाशावरचा एक व्हिएन्नी इंच म्हणजे जमिनीवरचे 400 क्लाफ्टर (लांबीचं जुनं माप), आणि एका क्लाफ्टरचे 72 इंच. त्यातून हा आकडा येतो. तिसऱ्या सर्वेक्षणाची (1869–1887) पत्रकं 1:25,000 ची. रेखांश मात्र ग्रीनिचऐवजी त्याच्या पश्चिमेच्या फेरो बेटापासून मोजलेले, म्हणून ग्रीनिचसाठी सुमारे 17°40′ वजा करावे लागतात.

या तिन्हींत डोंगरमाथ्यावरची रेघ गॅलिशिया आणि हंगेरी यांच्यातली, म्हणजे एकाच राजघराण्याच्या दोन प्रदेशांतली आहे. आज तिथे पोलंड-स्लोव्हाकिया सीमा आहे.

खरा अभ्यास पुढे आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या 1:100,000 च्या पोलिश पत्रकांवर ओढ्याकाठी घरांची लांब रांग आणि चर्च दिसतं. युद्धानंतरच्या पत्रकावर त्याच जागी जंगल. 1944 ते 1946 मध्ये इथल्या बोयको आणि लेमको या डोंगरी समाजांच्या लोकांना सोव्हिएत युक्रेनमध्ये पाठवलं गेलं, आणि उरलेल्यांना 1947 च्या ‘विस्वा’ मोहिमेत पोलंडच्या उत्तर आणि पश्चिम भागांत. नकाशावरचा तो हिरवा रंग मला म्हणूनच नुसता वनस्पतीचा वाटत नाही. सान नदीकाठचं बेनिओवा गाव तर युद्धानंतरच्या नव्या सीमेने दुभंगलं.

जिओरेफरन्सिंगसाठी, म्हणजे जुना नकाशा आजच्या नकाशावर नेमका बसवण्यासाठी, नदीची वळणं घेऊ नका, पात्र सरकतं. चर्चच्या जागा आणि शिखरं जास्त भरवशाची. चर्च पाडलेलं असलं तरी स्मशान आणि जुनी झाडं जागा दाखवतात. लायडारच्या (विमानातून लेझरने केलेल्या मोजणीच्या) उंची-नकाशावर जंगलाखालचे शेताचे बांधही दिसतात. कॅडस्ट्रल नकाशावरच्या, म्हणजे जमीन-मालकीच्या नकाशावरच्या, अरुंद पट्ट्यांशी ते ताडून पाहा.

नावांचा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा आणि प्रत्येक नावापुढे पत्रकाचं वर्ष लिहा. 1977 मध्ये सरकारने इथल्या अनेक गावांची नावं बदलली, 1981 मध्ये जुनी परत आली. मुच्ने तेवढ्या काळात काझिमिएझोवो होतं. वर्ष न लिहिता नोंद केली, तर ही दोन वेगळी गावं वाटतील.