शाश्वत विकासात करिअर करताय? मराठवाड्यातल्या नवख्यांनो, या चुका टाळा

‘पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय’ एवढ्या भांडवलावर कुणी कामावर घेत नाही. पाणलोटाचं काम करणारी संस्था असो की वाळूजचा कारखाना, तुम्हाला काय मोजता येतं हे आधी बघतात. आणि घोळ होतो तो मोजण्यातच.

विहिरीपासूनच घ्या. टेप कठड्यावरून सोडतात, कठड्याची उंची वजा करायची राहते. पुढच्या खेपेला दुसऱ्याच बाजूने मोजतात. त्याहून फसवी भानगड लाईटची. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की रातभर उपसा होतो, सकाळी पातळी खाली दिसते आणि अहवालात ‘भूजल घटले’ असं छापून येतं. म्हणून कठड्यावर रंगाने खूण करा, दरवेळी तिथूनच मोजा आणि मोटार बंद होऊन किती तास झाले तेही लिहा. मेअखेर आणि ऑक्टोबर, या दोन नोंदी हव्यातच. बंधाऱ्याजवळच्या विहिरींसोबत, जिथे काहीच काम झालेलं नाही अशा शिवारातल्या दोन-तीन विहिरी धरा; महसूल मंडळाचा पाऊसही टिपा. नाहीतर पाणी बंधाऱ्याने वाढलं की पावसाने, याला उत्तर नसतं. आपल्या काळ्या पाषाणात शेजारशेजारच्या दोन विहिरींचंही जमत नाही, त्यामुळे एका विहिरीवरून गावाचा निष्कर्ष काढू नका.

शेततळ्याचा हिशेबही असाच चुकतो. ३० × ३० × ३ मीटर म्हणजे २,७०० घनमीटर, असं सरळ गुणून मोकळे होतात. कडांना उतार असतो. १:१ उतार (मीटरभर खोलीला मीटरभर आत) धरला तर साठा २,१९६ घनमीटरच भरतो. उन्हाळ्यात रोज १० मिलिमीटर बाष्पीभवन धरा, भरल्या तळ्यातून दिवसाला ९,००० लिटर उडालं. बोअर उपसून तळं भरणं म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवणं. बायोडेटात ही यशोगाथा नको.

कारखान्याकडे वळायचं असेल तर महागड्या ऑनलाइन सर्टिफिकेटआधी वीजबिल वाचायला शिका. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केला. अशा कंपन्यांना माल देणाऱ्या छोट्या कारखान्यालाही मग वीज-डिझेलचे आकडे विचारले जाऊ शकतात. उच्चदाब बिलावर केव्हीएएच (भासमान वीज) आणि केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली वीज, म्हणजे आपलं युनिट) असे दोन आकडे असतात. कार्बनचा हिशेब केडब्ल्यूएचवर, युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. जनरेटरचं डिझेल हमखास विसरतं. लिटरमागे सुमारे २.७ किलो.

झाडं किती लावली ते सांगू नका. पहिला उन्हाळा काढून किती जगली, ते सांगा.

आता पुढारपणाचं. सरपंचांशी बोललो म्हणजे गावाशी बोललो, ही समजूत सोडा. बीड, धाराशिवकडची कित्येक कोरडवाहू कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत पाण्याची बैठक लावली तर ज्यांना पाणी नाही तेच गैरहजर. बैठक मे महिन्यात घ्या, तीही रात्री जेवणं उरकल्यावर. बायकांना कोणती वेळ जमते ते आधी त्यांनाच विचारा.

आणि सगळ्या नोंदी स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. पुण्याला नोकरी लागली की त्या तुमच्याबरोबर जातात. एक वही ग्रामपंचायतीत ठेवा, आणि पुढच्या ऑक्टोबरला टेप गावातल्याच एखाद्या पोराच्या किंवा पोरीच्या हाती द्या.