राजभेटीची जुनी पदकं: या चुका टाळा

पदक हाती आलं की आधी चिंच शोधायची, ही चूक सगळ्यांत महागात पडते. १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरियाने लंडनच्या गिल्डहॉलला भेट दिली. त्या प्रसंगाचं पदक-कोरक विल्यम वायनने केलेलं पदक उदाहरणाला घ्या. त्या काळच्या ब्राँझ पदकांवरचा चॉकलेटी रंग हा मळ नव्हे. बहुतेकदा तो घडवतानाच चढवलेला असतो. चिंच-मीठ किंवा रांगोळीने घासलं की आधी उंचवटे उघडे पडतात. गाल आणि केसांची वळणं तांबूस-गुलाबी होतात, खोलगट भाग तपकिरीच राहतो. मग माणूस ‘सगळं एकसारखं करू’ म्हणून आणखी घासतो आणि केसांच्या रेषाच पुसून टाकतो. यावर उपाय नाही. रंग पुन्हा चढवला तरी जाणकार भिंगाखाली ओळखतो.

डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश, टिपून वाळवणं, एवढंच करावं. चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. रिबन किंवा लाखेचा थर असेल तर तेही नको. पुसूनही परत येणारी फिकट हिरवी भुकटी दिसली, तर ते पदक लगेच वेगळं ठेवा, सोबत सिलिका जेल.

दुसरी चूक: पांढरं दिसलं की चांदी समजणं आणि सराफाकडे कसाला लावणं. कड कायमची खरवडली जाते. स्वस्त पदकं कथिलाच्या मिश्रधातूची असत. वजन करा, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून पुन्हा करा. ४२ ग्रॅमच्या पदकाचं वजन चांदी असेल तर सुमारे ४ ग्रॅमने घटेल, कथिल असेल तर पावणेसहाने. पाच मिनिटांचं काम आहे, तेवढा धीर धराच.

१८७७ चं ५८ मिमीचं पदक ‘राणीच्या भारतभेटीचं’ म्हणून विकलं जातं. व्हिक्टोरिया भारतात कधीच आली नाही. १ जानेवारी १८७७ ही दिल्ली दरबाराची तारीख, आणि तो व्हाइसरॉय लिटनने भरवला. मागे तीन लिप्यांत राणीची ‘भारताची सम्राज्ञी’ ही पदवी दिसली की ते दरबाराचं पदक हे ओळखा. भेटीला आला तो युवराज अल्बर्ट एडवर्ड, ८ नोव्हेंबर १८७५ ला मुंबईत उतरला. त्याच्या भेटीच्या पदकाची खूण तीन पिसं.

कथिलाच्या पदकाला भोक असेल तर बुजवू नका; लोक ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालत.

पीव्हीसीची मऊ पाकिटं आजच फेका, त्यांनीच हिरवा चिकटा येतो. पॉलिएस्टरची कडक पाकिटं घ्या. लोकरीच्या कापडावर चांदी ठेवू नका, काळी पडते.