फोनला अपडेट येत नाही? दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी या चुका टाळा

"फोनला अपडेटच येत नाही" या एका तक्रारीमागे दोन वेगळी दुखणी असतात. एक तर अपडेट आलेलं असतं, पण फोनमध्ये अडकून पडलेलं असतं. नाहीतर ते कधी येणारच नसतं, कारण कंपनीने त्या मॉडेलवरचं काम थांबवलेलं असतं. पहिल्याचा इलाज घरच्या घरी होतो. दुसऱ्याला इलाज नाही, तरी लोक पैसे मोजून दुकानात 'सॉफ्टवेअर मारून' घेतात आणि महिन्याभराने पुन्हा तिथेच येतात. म्हणून आधी आपलं दुखणं कुठलं ते ओळखायला हवं.

त्यासाठी सेटिंग्जमधलं 'अबाउट फोन' उघडा. बहुतेकजण अँड्रॉइडचा आकडा (व्हर्जन) बघतात, 12 आहे की 14, आणि तिथेच थांबतात. मोठी चूक इथेच होते. त्याच्या आसपास 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' म्हणून एक तारीख असते. ती जास्त महत्त्वाची. गुगल 2015 पासून जवळजवळ दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर करतं, आणि तुमच्या फोनपर्यंत त्या कधीपर्यंतच्या पोचल्या ते ही तारीख सांगते. व्हर्जन जुनं पण तारीख गेल्या दोन-तीन महिन्यांतली, तर फोन ठीक आहे. तारीख वर्षापूर्वीची असेल, तर आकडा कितीही नवा दिसो, काळजी करा. अँड्रॉइड 10 पासून 'गुगल प्ले सिस्टिम अपडेट' हा तिसरा प्रकारही आला. तो फोन कंपनीची वाट न बघता थेट गुगलकडून येतो, पण त्याने सुरक्षेतली सगळी भोकं बुजत नाहीत. प्ले स्टोअरवर 'अपडेट ऑल' दाबलं म्हणजे फोन अपडेट झाला, असं समजणारे तर पुष्कळ भेटतात. ती फक्त ॲप असतात.

आलेलं अपडेट अडकतं कुठे?

सर्वात जास्त वेळा जागेपाशी. इथे गोव्यात डिचोलीच्या एका काकांचा 64 जीबीचा फोन मी पाहिला. अपडेट दोन जीबीच्या वरचं, आणि फोनमध्ये मोकळी जागा जेमतेम एक जीबी. बाकी सगळं भजनी मंडळ, वाडा आणि नातेवाईक या ग्रुपांवरून आलेलं: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट आरत्या, शिगम्याच्या मिरवणुकांचे रोमटामेळ, रोज सकाळचे सुप्रभात. काकांनी गॅलरीतून व्हिडिओ पुसले होते, तरी जागा वाढत नव्हती. कारण पुसलेलं आधी ट्रॅशमध्ये, म्हणजे गॅलरीच्या कचरापेटीत, जातं आणि बहुतेक फोनांत महिनाभर तिथेच जागा अडवून राहतं. ट्रॅश रिकामा केला आणि अपडेट उतरायला लागलं.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडलं की 5 एमबीहून मोठ्या फाइली एकत्र दिसतात. हव्या त्या आरत्या पेन ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर घ्या, मगच पुसा. तिथेच व्हिडिओंचं ऑटो-डाउनलोड बंद करा, म्हणजे पुढच्या चवथीला हेच पुन्हा करावं लागणार नाही. आयफोनवाल्यांनी जागा कमी पडत असेल तर फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून अपडेट करावा. त्यात फोनमधली जागा कमी लागते.

दुसरी अडचण वाय-फायची. बऱ्याच फोनांत 'फक्त वाय-फायवर डाउनलोड' ही सेटिंग आधीपासून चालू असते. पणजी-मडगावात ती कळतही नाही. पण सत्तरी, सांगे, काणकोणच्या कितीतरी घरांत वाय-फाय नाहीच. तिथे फोन महिनोन् महिने वाट बघत राहतो आणि मालकाला वाटतं अपडेट आलंच नाही. मोबाईल डेटावर डाउनलोडची परवानगी द्या किंवा घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट घ्या. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर डाउनलोड अर्ध्यावर थांबेल. घाबरू नका, बहुतेक फोन दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे उचलतात.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. त्यामुळे 'इन्स्टॉल' दाबण्याआधी बॅटरी निम्म्याच्या वर हवी. आणि डाउनलोड पुरं झाल्यावर फोन रिस्टार्ट मागतो, तो टाळू नका. 'लेटर' दाबून आठवडेच्या आठवडे काढणारे लोक आहेत.

येणारच नसलेलं अपडेट

अँड्रॉइडचं नवं व्हर्जन गुगल बनवतं. ते क्वालकॉम, मीडियाटेक अशा चिप कंपन्यांनी आपल्या चिपवर चालवून द्यावं लागतं. मग फोन कंपनी त्यात आपले मेनू आणि कॅमेरा बसवते, तपासते, आणि आधी थोड्या फोनांना, मग सगळ्यांना पाठवते. या साखळीत एकाने हात काढून घेतला की पुढचं थांबतं. स्वस्त फोनात नफा थोडा आणि मॉडेलं ढीगभर, म्हणून हात सर्वात आधी तिथेच निघतो. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 सोबत गुगलने 'प्रोजेक्ट ट्रेबल' आणून चिपचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळा केला. काम सोपं झालं, पण ते करायचं की नाही हे अजून कंपनीच ठरवते. ॲपलमध्ये चिप, फोन, सॉफ्टवेअर सगळं एकाच घरचं. म्हणूनच 2018 चा आयफोन एक्सआर 2024 च्या आयओएस 18 पर्यंत (आयओएस म्हणजे आयफोनचं सॉफ्टवेअर) पोचला.

आता खरेदीची चूक. चवथीच्या, दिवाळीच्या ऑफरमध्ये सर्वात मोठी सूट असते ती बहुधा जुन्या मॉडेलवर. कंपनीने सांगितलेली अपडेटची वर्षं मात्र मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजली जातात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. समजा मॉडेल जानेवारी 2023 मध्ये आलं आणि कंपनीने तीन वर्षं सिक्युरिटी अपडेट कबूल केली. तुम्ही ते ऑगस्ट 2025 च्या चवथीला घेतलं, तर हातात उरले पाच महिने. फोन कोरा करकरीत, आयुष्य मात्र संपत आलेलं. ही गोष्ट दुकानात मोठ्या अक्षरांत लिहिलेली असायला हवी असं मला मनापासून वाटतं. तोवर आपणच विचारायचं: हे मॉडेल कुठल्या महिन्यात आलं, अँड्रॉइडची किती व्हर्जनं मिळणार, सिक्युरिटी किती वर्षं? दुकानदाराला ठाऊक नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर बघा.

फरक खूप मोठा असतो. गुगलच्या पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगच्या एस24 ला अपडेटची सात वर्षं जाहीर झाली. महागच फोन हवा असंही नाही, सॅमसंगच्या गॅलेक्सी ए16 5जी ला सहा वर्षं आहेत. युरोपीय संघात 20 जून 2025 पासूनच्या नियमाने मॉडेलची विक्री थांबल्यापुढेही किमान पाच वर्षं अपडेट द्यावं लागतं. मोजणी विक्रीच्या शेवटापासून, हे मला त्यातलं सर्वात न्यायाचं वाटतं.

आपल्या गोव्यात आणखी एक प्रकार घरोघरी आहे: आखातातून किंवा शिपवरून भावाने, मामाने आणलेला फोन. त्यात त्या देशाचं सॉफ्टवेअर असतं, त्यामुळे इथल्या त्याच मॉडेलला अपडेट आलं तरी त्याला त्याच दिवशी येईल असं नाही. थोडं थांबा. 'इंडियाचं सॉफ्टवेअर' जबरदस्तीने चढवायला देऊ नका, त्यात फोन कायमचा बंद पडू शकतो. विक्रेत्याने आधीच सॉफ्टवेअर बदलून विकलेले चिनी फोन असतील, तर त्यांना अधिकृत अपडेट बहुधा येतच नाही.

घाईने आणि भीतीने होणाऱ्या चुका

फॅक्टरी रिसेटने, म्हणजे फोन पुसून कोरा केल्याने, नवं व्हर्जन येत नाही. फोटो जातात, व्हर्जन तेच राहतं. व्हॉट्सॲपवर कुणी 'अँड्रॉइड अपडेट' म्हणून एपीके फाइल (ॲप बसवायची फाइल) पाठवली तर ती उघडू नका. सिस्टिमचं अपडेट अशा वाटेने कधीच येत नाही, आणि अशाच फाइलींतून बँक खाती रिकामी झाली आहेत.

अपडेटला घाबरणाऱ्यांना मी दोष देणार नाही. काही फोनांच्या अमोलेड प्रकारच्या स्क्रीनवर अपडेटनंतर हिरवी उभी रेघ उमटल्याच्या तक्रारी भारतात खूप झाल्या, आणि काही कंपन्यांनी स्क्रीन मोफत बदलूनही दिल्या. म्हणून नवं व्हर्जन आलं की बॅकअप घ्या आणि दोन आठवडे थांबून इतरांचे अनुभव बघा. एकदा व्हर्जन चढलं की मागे येणं बहुतेक फोनांत जमत नाही. महिन्याच्या सिक्युरिटी अपडेटला मात्र थांबू नका. अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन तापला, बॅटरी लवकर उतरली तर ते नेहमीचं आहे, फोन आतून सगळी ॲप नव्याने लावत असतो. आठवड्यानंतरही तसंच असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा.

ज्या फोनचं अपडेट कायमचं थांबलं, त्यातून बँकेचं आणि यूपीआयचं ॲप आधी काढा. तो भजनं ऐकायला, मुलांना व्हिडिओ बघायला चालेल. पण ज्या जीमेलवर बँकेचे संदेश येतात तो त्यात ठेवू नका. कधीतरी ॲपही साथ सोडतात, 2025 च्या सुरुवातीला व्हॉट्सॲपने अँड्रॉइड 4.4 ला रामराम केलाच. असा फोन कुणाला द्यायचा असेल तर रिसेट करण्याआधी सेटिंग्जमधून गुगल अकाउंट काढून टाका. ते राहिलं तर रिसेटनंतर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो, आणि घेणाऱ्याला तो वापरता येत नाही.