इंटर्नना पेल्विक फ्लोअर शिकवताना

लातूरला माझ्याकडे फिजिओथेरपीच्या इंटर्न येतात, तेव्हा गुडघा, कंबर, फ्रोझन शोल्डर यांत त्या बऱ्यापैकी तयार असतात. पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे लघवी-शौच धरून ठेवणारे स्नायू, म्हटलं की मात्र पिशवीतून एक झेरॉक्स निघते: 'कीगल व्यायाम, दिवसातून तीनदा'. डॉ. अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये हे स्नायू आवळण्याचा हा व्यायाम मांडला, तेव्हा ते दाब मोजणारं पेरिनिओमीटर नावाचं साधनही वापरत होते. बाई नीट आवळतेय का, हे बघणं त्यांच्या पद्धतीतच होतं. आपण व्यायाम उचलला आणि बघणं सोडलं. १९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात बायकांना नुसतं तोंडी सांगून आवळायला लावलं. जेमतेम निम्म्यांना ते धड जमलं आणि साधारण चौथाई जणी उलट खाली जोर देत होत्या. जिचं अंग बाहेर येतंय, तिने महिनाभर असा जोर दिला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून सुरुवात रुग्णापासून नको, इंटर्नच्या स्वतःच्या शरीरापासून करा. लाकडी खुर्चीवर टॉवेलची गुंडाळी पुढून मागे अशी ठेवून तिच्यावर बसवा. आधी खाली जोर द्यायला सांगा, गुंडाळीवर दाब पडतो. मग गॅस अडवल्यासारखं आत-वर ओढायला सांगा, दाब हलका होतो. हा फरक एकदा कळला की लेव्हेटर अ‍ॅनी हा तिथला मुख्य स्नायू, प्युडेंडल नर्व्ह ही तिथली नस, एस टू ते एस फोर ही तिची मणक्यातली मुळं, सगळं डोक्यात बसतं. श्वास सोडताना ओढायचं, घेताना सैल सोडायचं, हेही तिथेच पक्कं करून घ्या.

मग विचारायला शिकवा. माझा सगळ्यात जास्त वेळ यात जातो. आमच्याकडे बाई येते ती कंबर धरून. 'लघवीचा काही त्रास?' असं विचारलं की 'नाही' म्हणून मोकळी होते. इंटर्नने विचारावं ते असं: खोकताना, हंडा उचलताना थेंब सुटतात का? एसटीत बसायचं असलं की सकाळपासून पाणी पिणं बंद करता का? उकिडवं बसल्यावर खाली काही अडल्यासारखं होतं का? मग हळूच उत्तर येतं, 'बाई, शिंक आली की लुगडं वलं होतंय.' सासू सोबत असेल तर तिला केसपेपर काढायला पाठवा. त्या पाच मिनिटांत जे कळतं ते अर्ध्या तासाच्या हिस्टरीत कळत नाही.

बीड, धाराशिवकडून आलेली बाई असेल तर ऊसतोडीला जाते का, ते विचाराच. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच पुन्हा फडात उतरायचं, हा ताण कुठल्याच पुस्तकात तक्ता करून दिलेला नाही. गर्भपिशवी काढली आहे का आणि कितव्या वर्षी, हाही प्रश्न हवा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला होता. पिशवी गेली म्हणून खालचे स्नायू बळकट होत नाहीत, हे इंटर्नना स्पष्ट सांगा.

तीन दिवसांची लघवीची नोंद प्रत्येकीकडून घ्या. लिहिता येत नसेल तर कागदावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायचा, जितक्या वेळा गेली तितक्या रेघा, आणि सुटली तिथे फुली.

आता हाताने तपासणी. आधी मराठीत लेखी संमती आणि 'मधेच नको वाटलं तर तिथेच थांबू' हे शब्द तोंडाने. सोबत नर्स किंवा आया, दाराला कडी, अंगावर चादर, लघवी करून आलेली. जंतुसंसर्ग असेल, बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील, गरोदर असून स्त्रीरोगतज्ज्ञांची परवानगी नसेल किंवा शरीरसंबंध कधी आलेलाच नसेल, तर आतून तपासायचं नाही. बाहेरून बघूनही पुष्कळ कळतं: खोकायला लावा, पेरिनियम (योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग) खाली ढकलला जातो की जागेवर राहतो ते बघा.

आतून तपासताना गुडघे दुमडून उताणं झोपवायचं, एकच बोट, भरपूर जेल. घड्याळाच्या चार आणि आठच्या जागी स्नायू चाचपायचा आणि दोन्ही बाजूंची नोंद वेगळी करायची. आधी दुखतं का ते बघा, ताकद नंतर. मग सुधारित ऑक्सफर्ड मोजणी: ० म्हणजे काहीच नाही, १ नुसती थरथर, २ अशक्त, ३ ला बोट वर उचललं जातं, ४ चांगली पकड, ५ दणकट. किती सेकंद धरते, किती वेळा धरते, भरभर किती वेळा आवळते, हेही लिहायचं. '३/४/५/६' (ताकद ३, चार सेकंद, पाच वेळा, भरभर सहा) अशी नोंद दिसली की पुढचा माणूस लगेच समजतो. रुग्णाची हरकत नसेल तर मी आणि इंटर्न दोघी तपासतो, आकडे वेगवेगळ्या कागदांवर लिहितो आणि मगच ताडून बघतो. माझा २ आणि तिचा ४ आला तर बहुतेक वेळा बाईने नितंब किंवा मांड्या आवळलेल्या असतात. श्वास रोखतेय अशी शंका आली तर मोठ्याने मोजायला लावा. बोलताना श्वास रोखता येत नाही.

स्नायू मुळातच ताठ असेल, बोट लागताच बाई आखडत असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर आवळायचे व्यायाम बंद. तिला पोटात श्वास घेऊन सैल सोडायला शिकवायचं. झेरॉक्सवाल्या इंटर्नना हे पचायला जड जातं.

बाकीच्यांना ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे एका वेळी निदान आठ वेळा आवळणं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने, तेही देखरेखीखाली. पण जी चारच सेकंद धरते तिला दहा सांगू नका. बोटाला जे सापडलं तिथून सुरुवात. आधी झोपून, मग बसून, उभं राहून, शेवटी ओझ्यासकट. खोकण्याआधी, हंडा किंवा मोळी उचलण्याआधी आवळायची सवय लावा. लघवीची धार मधेच तोडणं हा व्यायाम नव्हे. दिवाळीनंतर बाई कारखान्यावर गेली की ओपीडीत येणार नाही, तेव्हा जाण्याआधी फोन नंबर घ्या. मुकादमाचा नको, तिचा किंवा नवऱ्याचा.

लघवीतून रक्त, पाळी गेल्यावर अंगावरून जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी तुंबणं, बाळंतपणानंतर लघवी सतत ठिबकत राहणं, यांतलं काहीही दिसलं तर व्यायाम न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे चिठ्ठी. अंग पूर्ण बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना रिंग पेसरीबद्दल (अंग आत धरून ठेवायला योनीत बसवायची कडी) विचारा. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी सुटणारे पुरुषही येतात. तपासणीची शिस्त तीच, फक्त त्यांच्यासाठी पुरुष इंटर्न तयार करा.