वायफाय, लॅन आणि व्हीपीएन एकदम चालू असताना डीएनएसचा घोळ : या चुका टाळा

डीएनएस म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा. उबुंटू लिनक्सवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा खाजगी मार्ग) लावलं, इंटरनेट मस्त चालतंय पण ऑफिसच्या आतल्या सर्व्हरचं नाव काही सापडत नाही, अशा वेळी बहुतेक लोक सरळ ईटीसी मधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही डीएनएस सर्व्हरची फाइल उघडतात, ८.८.८.८ हा गूगलचा सर्व्हर टाकतात आणि मोकळे होतात. वायफाय बदललं की पहिले पाढे पंचावन्न. कारण ती खरी फाइलच नसते, सिस्टमडी-रिझॉल्व्हडने (उबुंटूची नावं शोधणारी सेवा) बनवलेल्या फाइलकडे जाणारी नुसती लिंक असते, आणि आत दिसणारा १२७.०.०.५३ हा पत्ता तुमच्याच मशीनचा. खरे सर्व्हर तिथे दिसतच नाहीत. काही जण तर तिथे साधी फाइल ठेवून तिला कुलूपच घालतात, मग हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान उघडेना झालं की बसा शोधत!

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक वेगळीच आहे. एकाच यादीत आधी ऑफिसचा सर्व्हर, खाली गूगलचा टाकायचा, आणि वाटतं "एकाला नाही सापडलं तर दुसऱ्याला विचारेल". तसं होत नाही हो. पहिल्याने "असं नाव नाही" म्हटलं की तेच फायनल उत्तर, दुसऱ्याला विचारतात ते पहिला गप्प बसला तरच. त्यात रिझॉल्व्हड एकदा दुसऱ्यावर गेला की तिथेच रमतो, म्हणून सकाळी चालणारी ऑफिसची नावं दुपारी अचानक गायब होतात आणि शिव्या व्हीपीएनला बसतात.

सेटिंग करायचं ते त्या त्या कनेक्शनमध्ये, म्हणजे उबुंटूची कनेक्शनं सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये. व्हीपीएनच्या कनेक्शनला सर्च डोमेनमध्ये ऑफिसच्या डोमेनपुढे ~ हे चिन्ह लावून टाका, मग तेवढीच नावं तिकडे जातात, बाकीची वायफायकडून. नुसतं ~ आणि टिंब टाकलंत तर सगळंच तिकडे जाणार, ते हवंय का ते आधी ठरवा. कनेक्शनच्या डीएनएस प्रायॉरिटीत आकडा लहान तो वरचढ : व्हीपीएनला मुळात ५०, बाकीच्यांना १००, आणि उणे आकडा दिला तर त्याहून मोठ्या आकड्याची कनेक्शनं डीएनएसपुरती बादच.

स्वतःचा सर्व्हर टाकताना "ऑटोमॅटिक" बंद करायला विसरू नका, नाहीतर राउटरचाही सोबत राहतो. आयपीव्ही ६ च्या टॅबमध्ये हेच बटण वेगळं असतं, तिकडे कोणी बघतच नाही. आणि कनेक्शन बंद करून परत चालू करा, त्याशिवाय काही लागू होत नाही.

तपासायला डिग कमांडला ८.८.८.८ देऊन उपयोग नाही, ती थेट त्यालाच विचारते, तुमच्या सेटिंगशी तिचा संबंधच नाही. रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस चालवा, प्रत्येक कनेक्शनचे सर्व्हर वेगवेगळे दिसतील, आणि रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी पुढे नाव दिलं की उत्तर कुठल्या कनेक्शनवरून आलं तेही कळतं. इथे सगळं बरोबर असून फक्त ब्राउझरच रडत असेल तर त्याचं स्वतःचं सिक्युअर डीएनएस चालू आहे का बघा, फायरफॉक्समध्ये ते प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये खाली असतं.