ताई, आजी आणि ५,००० येन: टोकियोतलं परवडणारं ओमाकासे

मी डावखुरी. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण सुशीच्या दुकानात ओमाकासेला, म्हणजे शेफ ठरवेल ते जेवायला, पहिल्यांदा बसले तेव्हा काउंटरपलीकडच्या माणसाने ते तिसऱ्या घासाला हेरलं. निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप, समोर ठेवताना ती किंचित तिरकी ठेवतात, उजव्या हाताला सहज उचलता यावी म्हणून. पहिल्या दोन तशाच आल्या. तिसरी आली ती उलट्या तिरकीत. तो काही बोलला नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सुरी पुसून पुढचा मासा कापायला लागला. तळघरातली जागा, आठ खुर्च्या, दुपारचं जेवण. गिन्झा या टोकियोतल्या महागड्या भागात, नावाजलेल्या काउंटरवर रात्री ३०,००० येन सहज जातात, त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात मी जेवले होते.

तेव्हापासून टोकियोला कुणी आलं की मी त्यांना अशाच एखाद्या ठिकाणी नेते. प्रश्न दरवेळी तेच असतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

ओमाकासे म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. काय खायचं, कुठल्या क्रमाने, सगळं समोरचा ताइशो ठरवतो. (शेफला हाक मारायची तर ‘ताइशो’ म्हणावं, चालतं.) सुशीच्या दुकानात मागवायच्या आणखी दोन तऱ्हा आहेत. ओकिमारी म्हणजे ठरलेलं ताट: साधं, चांगलं, खास अशा पायऱ्या आणि प्रत्येकीची किंमत छापलेली. ओकोनोमी म्हणजे मनाला येईल ते एकेक मागवणं, आणि खिशाला सगळ्यात मोठं भोक पडतं ते इथे. स्वस्तातलं ओमाकासे या दोन्हींच्या मधलं. क्रम ताइशोचा, किंमत आधी ठरलेली.

स्वस्त कसं परवडतं हे कळलं की जागा निवडणं सोपं जातं. पहिलं कारण म्हणजे दुपार. रात्री १२,००० घेणारं दुकान दुपारी बहुधा ओत्सुमामी, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या डिशेस, वगळतं आणि नुसती निगिरी देतं. मग किंमत ४,००० ते ६,००० वर येते. दुसरं, काही दुकानांत मुख्य ताइशोच्या बाजूला दुसरा छोटा काउंटर असतो आणि तिथे हाताखालचा तरुण कारागीर उभा असतो. भात तोच, मासा बराचसा तोच, फक्त हात शिकाऊ. मला हे काउंटर फार आवडतात, कारण ही पोरं जीव तोडून काम करतात. तिसरं, जागा: दुसरा मजला, तळघर, स्टेशनपासून आत गेलेली गल्ली. आणि चौथं म्हणजे मासे. स्वस्त ओमाकासेत ओतोरो, म्हणजे ट्यूनाच्या पोटाचा सगळ्यात चरबीचा भाग, एखादाच मिळेल किंवा मिळणारही नाही. त्याऐवजी माकूल, तारली, बांगडा आणि आजी येतील.

हो, आजी. नावांचं जरा सांगायलाच हवं. भातावर बसतो त्या माशाला ‘नेता’ म्हणतात आणि खालच्या भाताला ‘शारी’. नेता वर, बाकीचे खाली, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. गेल्या वर्षी धाकटा भाऊ आला होता. ताइशोने पांढऱ्या माशाची पहिली निगिरी ठेवली आणि म्हणाला, “ताइ देसु.” भाऊ माझ्याकडे वळून म्हणतो, “ताई, तुला काहीतरी म्हणतोय तो.” ताइ म्हणजे सी ब्रीम, जपानमधला शुभकार्याचा मासा. दोन घासांनंतर ताइशो म्हणाला, “आजी देसु.” मग मात्र त्याला हसू आवरेना. आजी हा चंदेरी पाठीचा छोटा मासा, वर किसलेलं आलं आणि कांद्याची पात. त्या दुपारी त्याला सगळ्यात जास्त आवडली ती आजीच.

आता पैशांचं. जपानमध्ये कर धरून किंमत दाखवणं एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे आणि टिप द्यायची पद्धत नाही. त्यामुळे धक्का तिथून बसत नाही, तो शेवटी बसतो. ठरलेले घास संपले की ताइशो सांगतो की एवढं सगळं झालं, आणि विचारतो, आणखी काही? आवाज इतका गोड असतो की हे जेवणातच धरलंय असं वाटावं. मला वाटलं होतं. ५,५०० चं जेवण, एक बिअर ८००, एक गो (१८० मिली) साके, म्हणजे तांदळाची दारू, १,३००, वर ‘आणखी काही’ला उत्साहाने सांगितलेली उनी (सी अर्चिनचा गर) १,५०० आणि ओतोरो १,३००. बिल १०,४००. दुकानाचं काही चुकलं नव्हतं, भिंतीवर एका पाटीवर दर लिहिले होते. मी वाचलेच नव्हते. जिथे दराच्या जागी ‘जिका’, म्हणजे बाजारभाव, असं लिहिलेलं असतं, तिथे विचारल्याशिवाय मागू नये. “इकुरा देसु का?” म्हणजे “केवढ्याला?” हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. (गंमत म्हणजे माशाच्या केशरी गाबोळीलाही ‘इकुरा’च म्हणतात.) पिण्यावर खर्च नको असेल तर चहा मागा. सुशीच्या दुकानातला तो गरम हिरवा चहा सहसा फुकट असतो आणि तेलकट माशानंतर तोंड त्याच्याइतकं दुसऱ्या कशाने साफ होत नाही.

आरक्षण आधी करावंच लागतं. बहुतेक ठिकाणी ऑनलाइन होतं, कार्डाचा नंबर मागतात, आणि त्या दिवशी रद्द केलंत तर बऱ्याच ठिकाणी पूर्ण पैसे कापतात. कापूदेत. आठ खुर्च्यांचं दुकान, मासा सकाळीच मोजून आणलेला, दोन जण आले नाहीत तर त्याचा दिवसच बसला. तोयोसूचा बाजार, म्हणजे २०१८ च्या ऑक्टोबरात त्सुकिजीहून हलवलेला तो मोठा मासळीबाजार, रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, म्हणून बरीच दुकानंही त्याच दिवशी सुट्टी घेतात. मी गुरुवार-शुक्रवार धरते.

आरक्षण करतानाच दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काय चालत नाही ते तिथेच लिहून टाका, ही पहिली. ॲलर्जी असेल तर ती काउंटरवर बसल्यावर सांगायची गोष्ट नव्हे, कारण तोवर क्रम लागलेला असतो. वासाबी (झणझणीत हिरवी चटणी) नको असेल तर ‘साबिनुकी’, भात कमी हवा असेल तर ‘शारी सुकुनामे’. पूर्ण शाकाहारी माणसाला मात्र कृपा करून ओमाकासेला नेऊ नका. सूपमध्ये सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, गोडसर अंड्यातसुद्धा बऱ्याचदा कोळंबी किंवा मासा वाटून घातलेला असतो, आणि मग तो बिचारा काकडीचा एक रोल खाऊन पूर्ण पैसे देतो. दुसरी गोष्ट वेळेची. स्वस्त दुकानं बहुधा सगळ्यांना एकदम सुरुवात करून देतात, समजा १२ ला एक तुकडी आणि दीडला दुसरी. दहा मिनिटं उशिरा गेलात तर तुमच्या वाटचे दोन घास आधीच हुकलेले असतात.

कच्च्या माशाची भीती. भावाने फोनवरच विचारलं होतं, “ताई, पोट बिघडलं तर?” रास्त प्रश्न आहे. समुद्री माशात आनिसाकिस नावाचा जंत असू शकतो. व्हिनेगर, मीठ, वासाबी यांनी तो मरत नाही. उणे २० अंशाला २४ तास गोठवला तर मरतो, नाहीतर कापताना डोळ्यांनी शोधून काढावा लागतो. काउंटरवरचा माणूस मासा प्रकाशाकडे धरून बघत असतो ते उगाच नाही. रोज तोयोसूतून माल आणणाऱ्या आणि तो तुमच्यासमोर कापणाऱ्या माणसावर मी विश्वास टाकते. पोट आधीच नाजूक असेल, दिवस गेलेले असतील, तर हे जेवण पुढे ढकलावं.

निघताना अत्तर लावू नका. आठ माणसांच्या खोलीत एकाचं अत्तर सगळ्यांच्या भाताला लागतं. काउंटर बहुधा हिनोकीचा, म्हणजे जपानी सायप्रसचा, आणि तो मऊ असतो, म्हणून धातूचं घड्याळ आणि जाड अंगठ्या काढून ठेवा. फोन लाकडावर उपडा टाकू नका. फोटो काढायचा तर “शाशिन ईई देसु का?” विचारा, एक काढा आणि खा.

कारण सगळी मजा पुढच्या अर्ध्या मिनिटात आहे. शारी अंगाइतकी कोमट असते आणि मासा थोडा गार. हे दोन्ही तोंडात एकत्र यावेत म्हणून ताइशोने भात हलक्या हाताने दाबलेला असतो, आत हवा राहील इतका. चांगली निगिरी ताटलीवर ठेवल्यावर किंचित खाली बसते. एकदा मान खाली घालून नीट बघा, दिसतं. ती उचलायची अंगठा आणि मधल्या बोटात, तर्जनी वर नुसती टेकवून. काड्यांनी खाल्लीत तरी कुणी नाव ठेवणार नाही, मात्र आधी तिला कुशीवर वळवा, नाहीतर भात सुटतो. एका घासात खायची. चावून अर्धी परत ठेवली की उरतो तो नुसता पसारा. एकोणिसाव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे जुन्या टोकियोत, निगिरी हातगाडीवर विकली जायची तेव्हा ती आजच्या दुप्पट-तिप्पट मोठी असायची म्हणतात. आताची एका घासाचीच असते.

सोया सॉस शोधू नका. बहुतेक घासांवर ताइशोने निकिरी, म्हणजे मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) किंवा साके घालून उकळलेला सोया, ब्रशने आधीच लावलेला असतो. काहींवर नुसतं मीठ आणि लिंबू, वामीवर (अनागो) गोड घट्ट रस. वाटीत सोया वेगळा दिलाच तर माशाची बाजू बुडवा. भाताची बुडवली तर तो सोया पितो आणि सुटतो. समुद्रशेवाळाची पट्टी गुंडाळलेली गुनकान आली तर क्षणभरही थांबू नका, ती मऊ पडली की गेली. बाजूचं गुलाबी-पिवळं आलं, गारी, दोन माशांच्या मध्ये खायचं, माशावर ठेवून नाही.

मी स्वस्त दुकान ओतोरोवरून जोखत नाही. महागडा मासा विकत आणता येतो. मी बघते भात, कोहादा आणि अंडं. काही ठिकाणी भाताला लाल व्हिनेगर असतं, साकेच्या चोथ्यापासून जुनं करून काढलेलं, त्याने शारी फिकट तपकिरी दिसते. कोहादा हा हेरिंगच्या कुळातला छोटा स्वस्त मासा. आधी मीठ, मग व्हिनेगर, आणि दोन्हींची वेळ त्या दिवशीच्या माशाच्या चरबीवर ठरते. पाच मिनिटं जास्त झाली की नुसता आंबट. ५,००० येनच्या दुकानात कोहादा बरोबर जमलेला असेल तर तिथे मी पुन्हा जाते. नसेल तर बाकी सगळं छान असूनही सहसा जात नाही.

एक सल्ला हौशी मंडळींना. दुकानातली आतली भाषा आपण बोलू नये. ‘मुरासाकी’ (सोया), ‘आगारी’ (चहा), ‘ओआइसो’ (बिल) हे शब्द पलीकडच्यांचे आहेत. गिऱ्हाइकाने साधं ‘शोयू’, ‘ओचा’ म्हणावं आणि बिल मागताना “ओकाइकेई ओनेगाइशिमासु”. मी पहिली दोन वर्षं ऐटीत ‘ओआइसो’ म्हणत होते. मूळ अर्थाने तो दुकानदाराने ‘आमचं आतिथ्य कमीच पडलं’ म्हणून वापरायचा शब्द. म्हणजे जेवून उठताना मी काय म्हणत होते ते बघा.

त्या दुपारी भावाबरोबर दहा निगिरी, एक रोल, अंडं आणि सूप झालं, आणि ताइशोने तो गोड प्रश्न विचारला. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी पाटीकडे पाहिलं. आजी ४०० होती. म्हटलं, आण. ती आली, आणि त्याने ती डोळे मिटून खाल्ली. बिल दोघांचं मिळून १०,४००, येनला येन माझ्या त्या पहिल्या फजितीएवढं, फक्त या वेळी दोन माणसांचं. “गोचिसोसामा देश्ता” म्हणून उठलो, ताइशो हात पुसत दारापर्यंत आला. जिना चढून वर येईपर्यंत दीडला पाच मिनिटं होती, आणि पुढच्या तुकडीचे आठ जण भिंतीला लागून ओळीने उभे होते.